एकशे बारा समित्या आल्या कुठून?

सर, नमस्कार. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. लग्नामुळे राहून गेलेलं बी.कॉम. आता चाळिशी ओलांडल्यावर बाहेरून पूर्ण करतेय. अकाउंट्स रोजचंच आहे, ते जमतं. स्टॅटिस्टिक्समध्ये परम्युटेशन-कॉम्बिनेशन आणि प्रॉबॅबिलिटी आली की मात्र हातपाय गळतात. सूत्रं तोंडपाठ आहेत, पण गणित वाचल्यावर कुठलं लावायचं तेच उमगत नाही. क्लासचे सर म्हणतात, ‘मांडणी’ दिसली की परम्युटेशन, ‘निवड’ दिसली की कॉम्बिनेशन, एवढं लक्षात ठेवा. तरी चुकतं. तीन गणितं पाठवते. एक: 5 पुरुष आणि 4 महिला संचालकांतून तिघांची समिती करायची, किमान एक महिला हवी, तर किती प्रकारे? माझं उत्तर 112, पुस्तकात 74. दोन: दोन फासे टाकले, बेरीज 7 येण्याची संभाव्यता किती? माझं उत्तर 1/11, पुस्तकात 1/6. तीन: पिशवीत 6 लाल आणि 4 पांढरे चेंडू, दोन काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता? माझं 2/3, पुस्तकात 1/3. मुलगी बारावीला आहे, ती हे चुटकीसरशी सोडवते. तिला विचारायला कमीपणा वाटतो. या वयात हे डोक्यात शिरणारच नाही का?
— एक वाचक, राजारामपुरी

ताई, शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. वयाचा इथे काही संबंध नाही. तुमची तिन्ही उत्तरं चुकली आहेत हे खरं, पण गुणाकार-भागाकार एकाही ठिकाणी चुकलेला नाही. तुम्ही मोजलंत बरोबर, फक्त जे मोजायचं होतं ते सोडून दुसरंच काहीतरी मोजलंत. हा दोष वाचण्याचा आहे, बुद्धीचा नाही. तो दुरुस्त होतो.

तुमच्या क्लासच्या सरांशी मात्र माझं जमणार नाही. ‘मांडणी’ म्हणजे हे आणि ‘निवड’ म्हणजे ते, ही युक्ती सोप्या पेपरात चार मार्क देऊन जाते. पेपर काढणाऱ्यानं वाक्य जरा फिरवलं की ती आपटते. तुमच्याच संस्थेचं घ्या. नऊ संचालकांतून चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि खजिनदार यांची निवड होते. नऊ संचालकांतून तिघांच्या कर्ज समितीची होते तीही निवडच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 504 आणि दुसऱ्याचं 84. शब्द तोच आणि उत्तरात सहा पटींचा फरक! शब्दाकडे बघून सूत्र ठरवणाऱ्यानं इथे काय करावं?

माझं म्हणणं असं, की पंधरा दिवस सूत्रांची वही कपाटात ठेवून द्या. गणित वाचून झालं की कागदावर एकच काम करायचं: काम उरकलं आहे असं समजून त्याचा एक निकाल पूर्ण लिहायचा. सगळे निकाल नव्हे, कुठलाही एक. सभा संपल्यावर प्रोसिडिंग बुकात ठराव लिहितात, अगदी तसा.

पुरुष संचालकांना क, ख, ग, घ, च म्हणू आणि महिलांना अ, आ, इ, ई. पदाधिकाऱ्यांचा ठराव असा होईल: ‘चेअरमन क, व्हाइस चेअरमन अ, खजिनदार घ.’ समितीचा असा: ‘कर्ज समिती सदस्य: क, अ, घ.’ आता दोन्ही ठरावांत क आणि अ यांच्या जागांची अदलाबदल करा. पहिल्यात चेअरमनच बदलला, म्हणजे ठराव नवा झाला (आणि आपल्याकडे यावरून पॅनेल फुटतात ते वेगळंच). दुसऱ्यात फक्त नावांचा क्रम बदलला, समिती तीच राहिली. कुठलं गणित कुठल्या जातीचं हे ठरवायला एवढी अदलाबदल पुरते: ठराव बदलला तर परम्युटेशन, तोच राहिला तर कॉम्बिनेशन. जागांना नावं आहेत की नाहीत, हाच खरा प्रश्न. ‘निवड’ हा शब्द आला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

मोजणीही इथेच होऊन जाते. चेअरमन नऊपैकी कुणीही, मग व्हाइस चेअरमन उरलेल्या आठांपैकी, खजिनदार सातांपैकी: 9 × 8 × 7 = 504. समितीसाठी हेच 504 घ्या आणि बघा, क-अ-घ ही एक तिकडी त्यात किती वेळा आली आहे. तिघं तीन पदांवर 3 × 2 × 1 म्हणजे 6 प्रकारे बसतात. म्हणजे प्रत्येक समिती सहा वेळा मोजली गेली. 504 भागिले 6 बरोबर 84. एन-सी-आरच्या, म्हणजे कॉम्बिनेशनच्या, सूत्रात खाली जो आर फॅक्टोरियल (आरपासून एकपर्यंतच्या अंकांचा गुणाकार) बसलेला असतो, तो हा सहा. सूत्र पाठ करण्याआधी हा भागाकार एकदा स्वतःच्या हातानं केला, तर पुढे सूत्र विसरलं तरी अडत नाही.

जागांना नावं असणं म्हणजे काय, हे बघायला महाद्वारातून आत गेलात तरी चालेल. अंबाबाईच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, खेटक म्हणजे ढाल, आणि पानपात्र आहे. हात चार, वस्तू चार, आणि प्रत्येक हात वेगळा: उजवा खालचा, उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. नुसतं गणित म्हणून पाहिलं तर 4 × 3 × 2 × 1 म्हणजे 24 मांडण्या होतात. भास्कराचार्यांनी 1150 साली लीलावतीतल्या अंकपाश प्रकरणात हेच उदाहरण विष्णूची चार आयुधं घेऊन घातलं आहे. तिथेही उत्तर 24. केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं संध्येत घेतात, त्या विष्णूच्या चोवीस मूर्ती; शंख, चक्र, गदा आणि पद्म यांपैकी काय कुठल्या हातात आहे यावरून त्या ओळखतात. आयुधं तीच, पण हात बदलला की मूर्ती वेगळी. शेजारीच भास्कराचार्यांनी दहा हातांच्या शंभूचं उदाहरण दिलं आहे. त्याचं उत्तर 36,28,800. फॅक्टोरियल किती झपाट्यानं वाढतं हे मुलांना सांगायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही.

आता तुमचं पहिलं गणित. खरं सांगायचं तर तिन्हींत मला हेच आवडलं, कारण तुमची रीत दिसायला बिनचूक आहे. तुम्ही म्हणालात, किमान एक महिला हवी ना, मग आधी चारपैकी एक महिला घेऊन टाकू: 4 प्रकार. मग उरलेल्या आठांतून कुठलेही दोन: 28 प्रकार. 4 × 28 = 112. अट पाळली गेली, सूत्रही योग्य लावलं. चुकलं कुठे?

पुस्तकातलं 74 बघण्याआधीच एक शंका यायला हवी होती. नऊ जणांतून तिघांच्या समित्या होतातच मुळी 84, कुठलीही अट न घालता. अट घातल्यावर 112 कशा होतील? कॅश मोजताना तिजोरीतल्या शिलकेपेक्षा एखाद्या गड्डीतच जास्त रक्कम निघाली, तर तुम्ही पहिल्यांदा स्वतःची मोजणीच तपासाल. इथेही सवय तीच ठेवा. अटीविना एकूण किती, हे कागदाच्या कोपऱ्यात आधी लिहून ठेवायचं. आपलं उत्तर त्याच्या पुढे गेलं की तिथेच थांबायचं.

आता ठराव लिहून बघू. तुमच्या रीतीनं आधी अ घेतली, मग उरलेल्यांतून आ आणि क. ठराव: ‘समिती: अ, आ, क.’ दुसऱ्या खेपेला आधी आ घेतली, मग उरलेल्यांतून अ आणि क. ठराव: ‘समिती: आ, अ, क.’ तीच समिती, पण तुमच्या हिशोबात ती दोनदा लागली. कारण ‘आधी घेतलेली महिला’ अशी एक खुर्ची तुम्ही नकळत तयार केलीत आणि तिला नाव दिलंत. प्रत्यक्षात समितीत तशी खुर्चीच नाही.

किती समित्या किती वेळा मोजल्या गेल्या तेही काढता येतं, आणि तेवढं काढाच. या चुकीच्या पोटात अख्खा धडा आहे. एकच महिला असलेल्या समित्या: 4 महिलांपैकी एक आणि 5 पुरुषांतून दोन, म्हणजे 4 × 10 = 40. या एकेकदाच मोजल्या गेल्या. दोन महिलांच्या समित्या: 6 × 5 = 30. या दोन-दोनदा मोजल्या, झाल्या 60. तिन्ही महिलांच्या समित्या 4. या तीन-तीनदा, झाल्या 12. आता 40 + 60 + 12 करा. तुमचे 112 समोर आले. एकेकदाच मोजायचं तर 40 + 30 + 4 म्हणजे 74, पुस्तकातलं उत्तर.

याहून छोटी वाट आहे. ‘किमान एक महिला’ याच्या उलट काय? एकही महिला नाही. तशा समित्या फक्त पाच पुरुषांतून होणार: 10. मग 84 मधून 10 गेले, राहिले 74. ‘किमान एक’ दिसलं की उलट बाजूनं जाऊन बघायचं, बहुतेक वेळा तिकडून अंतर कमी पडतं. हाही शब्दाला चिकटून काढलेला नियम नव्हे. ‘किमान दोन महिला’ असा प्रश्न असता तर दोन्ही बाजूंनी दोन-दोनच प्रकार मोजावे लागले असते, मग सरळच गेलेलं बरं.

तिसऱ्या गणितात वेगळीच गंमत झाली आहे. तुम्ही वर 6 × 5 = 30 घेतलेत आणि खाली 45. यातले 30 म्हणजे पहिला चेंडू आणि दुसरा चेंडू असा क्रम धरून मोजलेले, तर 45 म्हणजे दहातून दोन, क्रम न धरता. अंशात एका चालीनं मोजलं आणि छेदात दुसऱ्या. क्रम धरायचा तर दोन्हीकडे धरा: 30 भागिले 90. सोडायचा तर दोन्हीकडे सोडा: 15 भागिले 45. दोन्ही वाटांनी 1/3 च येतं. संभाव्यतेच्या गणितात क्रम धरावा की नाही यावर मुलं तासभर वाद घालतात. बऱ्याचदा दोन्ही चालतं, फक्त वर आणि खाली एकच ठराव हवा. एक मात्र तपासा: पहिला चेंडू परत पिशवीत टाकला होता का? टाकला असेल तर उत्तर 36/100. प्रश्नात त्याचा उल्लेख नसेल आणि ‘दोन चेंडू काढले’ एवढंच असेल, तर परत न टाकता असं धरतात.

फाशांच्या गणितात तुम्ही चांगल्या संगतीत आहात. बेरीज 2 पासून 12 पर्यंत, म्हणजे अकरा शक्यता, त्यातली एक 7, म्हणून 1/11. लाइबनिट्ससारख्या गणितज्ञानं लिहून ठेवलं होतं की दोन फाशांत 11 पडणं आणि 12 पडणं सारखंच सोपं. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी 1754 मध्ये विश्वकोशातल्या नोंदीत मांडलं, की नाणं दोनदा उडवायचं ठरलं तर छापा एकदा तरी पडण्याची संभाव्यता 2/3. त्यांचा युक्तिवाद असा, की पहिल्यांदा छापा पडला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा: तीन शक्यता, त्यातल्या दोन आपल्या बाजूच्या. बरोबर उत्तर 3/4 आहे. शक्यता तीन आहेत म्हणून त्या तिन्हींचं वजन, म्हणजे घडण्याचा संभव, सारखं असतं असं नाही.

इथेही ठराव लिहा. फाशांचा ठराव ‘बेरीज 7’ असा होत नाही. बेरीज आपण नंतर केली. पटावर काय पडलं ते लिहायचं. एक फासा लाल आणि एक हिरवा समजा: ‘लाल 3, हिरवा 4.’ असे 6 × 6 = 36 ठराव, आणि फासे खोटे नसतील तर सगळे सारख्या वजनाचे. बेरीज 7 देणारे सहा आहेत: 1-6, 2-5, 3-4, 4-3, 5-2, 6-1. म्हणून 6/36. बेरीज 11 साठी 5-6 आणि 6-5 असे दोन, 12 साठी फक्त 6-6. लाइबनिट्सला लाल-हिरवे फासे दिले असते तर त्यांनीही ते लिहिलं नसतं.

सारख्या वजनाची अट पुस्तकात एका ओळीत येऊन जाते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून तुम्हाला एक खास उदाहरण देतो. पुस्तकात पुढे वाढदिवसाचं गणित येईल: 23 माणसं एका खोलीत असतील तर त्यातल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता किती? उत्तर साधारण 0.507, निम्म्याहून किंचित जास्त. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, कारण तो 23 माणसं मोजतो. जोड्या मोजल्या तर 253 होतात. पण हे उत्तर 365 दिवस सारख्या वजनाचे धरून काढलेलं आहे. आता तुमच्या संस्थेतल्या साठी ओलांडलेल्या सभासदांच्या केवायसीच्या फायली आठवा. किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे? शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी 1 जून लावून मोकळे व्हायचे, हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. त्या फायलींत 23 पर्यंत जावंच लागणार नाही. सूत्र चुकलेलं नाही, त्याची अट तिथे लागू होत नाही. परीक्षेत 365 धरूनच सोडवा, तेवढं शहाणपण असू द्या.

सरावाबद्दल. रोज तीनच गणितं करा, पण प्रत्येक आधी लहान करून. नऊ संचालकांचं गणित अडलं तर चार संचालक घ्या, दोन पुरुष आणि दोन महिला, आणि समित्या बोटांवर मोजा. क-ख-अ, क-ख-आ, क-अ-आ, ख-अ-आ: चार. तुमच्या रीतीनं उत्तर येतं 2 × 3 = 6. चूक कुठल्या दोन समित्यांत आहे ते डोळ्यांसमोर दिसतं. यादी करणं म्हणजे कच्चेपणा, असं काही मुलं समजतात. मी पेपर तपासताना यादी करून बरोबर उत्तर काढणाऱ्याला पूर्ण मार्क देत आलो, आणि चुकीच्या जागी सुबक सूत्र लिहिणाऱ्याला अर्धाच.

फुटबॉलची आवड घरात असेलच, कोल्हापुरात नसेल तरच नवल. समजा सोळा संघांची साखळी आहे, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. सामने किती? सगळे शाहू स्टेडियमवरच, घरचं मैदान आणि पाहुण्यांचं मैदान ही भानगड नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार आणि दिलबहार विरुद्ध पाटाकडील हा एकच सामना. म्हणून 16 × 15 भागिले 2, म्हणजे 120. पण विजेता आणि उपविजेता किती प्रकारे ठरतील असं विचारलं तर 240, कारण तिथे कोण पहिला हे महत्त्वाचं. दोन्ही पेठांत जाऊन विचारा, क्रमानं फरक पडतो की नाही ते!

आता मुलीचं. तिला विचारा, पण ‘हे कसं सोडवायचं’ असं नको. तिनं सोडवलेलं गणित घ्या आणि ‘इथे सहानं का भागलंस?’ एवढंच विचारा. तिला सांगता आलं तर तुम्ही शिकलात. नाही आलं तर दोघी मिळून ठराव लिहायला बसा. चुटकीसरशी सोडवणाऱ्या पुष्कळ मुलांना ते सांगता येत नाही, आणि बारावीच्या पेपरात तेच अंगाशी येतं.

तिच्यासमोर टाकायला एक गणित देतो. दसरा चौकात सिग्नलला गाड्या थांबतात, सगळ्या एमएच 09. पाटीवरचा चार अंकी नंबर 0001 ते 9999 पैकी कुठलाही, सगळे सारख्या वजनाचे धरू. (पसंतीच्या नंबरासाठी जादा पैसे मोजणारी मंडळी क्षणभर बाजूला ठेवा, तीही कोल्हापुरात कमी नाहीत.) चारही अंक वेगवेगळे असण्याची संभाव्यता किती? ती बहुधा म्हणेल, पहिला अंक शून्य चालणार नाही, म्हणून 9 × 9 × 8 × 7, म्हणजे 4536. तेव्हा तिला एक ठराव लिहायला सांगा: ‘0417.’ अशी पाटी रस्त्यावर फिरते की नाही? फिरते. मग पहिल्या जागेला दहाही अंक चालतात. 10 × 9 × 8 × 7 = 5040, भागिले 9999. निम्म्याला अगदी थोडं जास्त. सिग्नल सुटेपर्यंत दहा-बारा पाट्या वाचून होतात, दोघींनी मोजून बघा.